देवापुढे काय मागावे?

पूजा-अभिषेकाच्या वेळा, भक्तनिवास, अन्नछत्र आणि वार्षिक उत्सव यांची माहिती या पुस्तिकेच्या इतर पानांवर दिलेली आहे. ही काही पाने मात्र एका वेगळ्या विषयासाठी राखून ठेवली आहेत. दर्शनबारीत उभे असताना अथवा भक्तनिवासात क्षणभर विसावताना ती वाचावीत आणि त्यांतील विचार पटला तर सोबत घरी न्यावा, एवढीच अपेक्षा आहे.

देवस्थानात येणारा प्रत्येक जण हातात फूल, नारळ, ओटीचे साहित्य घेऊन येतो. त्याबरोबर आणखी काहीतरी घेऊन येतो, ते दिसत नाही. कोणाच्या मनात आजारपणाची धास्ती असते, कोणाच्या मनात मुलाच्या परीक्षेची काळजी, कोणाला नोकरीत बढती हवी असते, कोणाला जमिनीच्या दाव्याचा निकाल आपल्या बाजूने हवा असतो. एखादाच भाविक असा असतो, की त्याला काहीच नको असते. तो नुसता आनंदाने आलेला असतो. भय, आकांक्षा आणि आनंद या तीन वाटांनी माणसे देवापर्यंत पोहोचतात. या तीन वाटांचा परस्परांशी संबंध काय, आणि देवापुढे उभे राहून नेमके काय मागावे, हा प्रश्न प्रत्येक भाविकाने स्वतःला एकदा तरी विचारावा असा आहे. कारण आपण काय मागतो यावरून आपण कसे जगतो हे कळते.

मागणे कमीपणाचे आहे काय?

‘देवाकडे काही मागू नये, निष्काम भक्ती करावी’ असे आपण प्रवचनांतून पुष्कळ वेळा ऐकतो. ते खरेही आहे. परंतु त्यामुळे साध्या माणसाच्या मनात एक संकोच निर्माण होतो. मुलीच्या आजारपणासाठी हात जोडणाऱ्या आईला वाटू लागते, की आपली भक्ती हलक्या प्रतीची आहे. येथे श्रीमद्भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायातील विचार ध्यानात घ्यावा. तेथे भगवंतांनी आपल्या भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आर्त म्हणजे संकटाने गांजलेला, अर्थार्थी म्हणजे काही मिळावे या हेतूने येणारा. ज्ञानी भक्ताला भगवंतांनी श्रेष्ठ मानले, हे खरे. परंतु उरलेल्या तिघांना त्यांनी दाराबाहेर ठेवलेले नाही. चौघांनाही उदार म्हटले आहे.

तेव्हा मागणे हा कमीपणा नव्हे. संकटात सापडलेल्या लेकराने आईला हाक मारू नये, असे कोणती आई म्हणेल? खरा प्रश्न मागण्याच्या पुढचा आहे. मागताना आपण देवाला काय समजतो? मायबाप समजतो, की हिशेब ठेवणारा सावकार समजतो? पहिल्या समजुतीतून धीर येतो, दुसरीतून भय वाढते.

भयाचे दोन प्रकार

संस्थानच्या देणगी कक्षात पावती घेताना भाविक कधी कधी कार्यालयात डोकावतात आणि हलक्या आवाजात एखादी शंका विचारतात. ‘वडिलांनी बोललेला नवस त्यांच्या हातून फेडायचा राहिला, आता आम्हांला त्याचा त्रास होईल का?’ ‘पाच वर्षे येणे झाले नाही, देवाचा कोप झाला असेल का?’ ‘अमुक रकमेचा अभिषेक बोलले होते, तेवढे पैसे जमत नाहीत, आता काय करावे?’ या प्रश्नांच्या मागे श्रद्धा आहेच. परंतु तिला भीतीचा वेढा पडलेला आहे, हेही स्पष्ट दिसते.

अशा भाविकांनी मार्च २०२० नंतरचा काळ आठवावा. करोनाच्या साथीमुळे राज्यातील सर्व देवस्थाने दर्शनासाठी बंद ठेवावी लागली. त्या वर्षीची आषाढी वारी पायी झाली नाही. संतांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस. टी. बसमधून पंढरीला नेण्यात आल्या. मंदिरे नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली, २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि त्या वर्षीच्या घटस्थापनेला परत उघडली. त्या काळात असंख्य नवस फेडायचे राहिले, ओट्या राहिल्या, जावळे राहिली, वर्षानुवर्षांच्या वाऱ्या चुकल्या. म्हणून देव कोपला, असे कोणी म्हणाले काय? उलट ‘देव घरातही आहे’ असे आपणच एकमेकांना सांगितले आणि देव्हाऱ्यापुढे समई लावून हात जोडले. जो देव त्या वेळी समजून घेणारा होता, तो इतर वेळी एखाद्या गरिबाची अडचण समजून घेणार नाही, असे मानणे हे देवाला लहान करणे आहे.

या विचारावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळता येणार नाही. भय मुळीच नसेल तर माणूस मर्यादा सांभाळील काय? आपल्या शास्त्रांनी भयाला काही स्थान दिलेले आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू शिष्याला निरोप देताना दान कसे करावे हे सांगतात. श्रद्धेने द्यावे, आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावे, विनयाने द्यावे असे सांगताना भयानेही द्यावे असा उपदेश तेथे आहे. मग भयाने दिलेले दान वाईट कसे?

येथे भयाचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. एक भय माणसाला जागे ठेवते. आपल्या हातून कोणावर अन्याय तर होत नाही ना, आपण देतो ते अपुरे तर नाही ना, देताना अहंकार तर येत नाही ना, अशी जी मनाला टोचणी असते तिला आपण मराठीत ‘भीड’ किंवा ‘चाड’ म्हणतो. पापाची चाड असलेला माणूस भित्रा नसतो. तो सावध असतो. उपनिषदातील भय या जातीचे आहे, असे मला वाटते. दुसरे भय माणसाला बांधून ठेवते. आपले काहीतरी हिरावले जाईल, कोणीतरी शिक्षा करील, या धास्तीने तो देतो, नमस्कार करतो, उपास करतो. पहिल्या भयाने माणूस दुसऱ्याचा विचार करू लागतो, दुसऱ्या भयाने तो केवळ स्वतःचा विचार करतो. दोन्ही भयांपोटी देणगीपेटीत पडणारी नोट सारखीच दिसते. देणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम मात्र अगदी वेगळा असतो.

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची लक्षणे सांगितली आहेत. त्या यादीत सत्य, दया, क्षमा यांच्याही आधी पहिला मान ‘अभय’ या गुणाला मिळालेला आहे. हा क्रम विचार करण्यासारखा आहे. भ्यालेला माणूस खरे बोलू शकत नाही, मोकळ्या हाताने देऊ शकत नाही, दुसऱ्याला क्षमाही करू शकत नाही. आपल्या अनेक देवतांच्या मूर्तींचा एक हात अभयमुद्रेत असतो. दर्शनाच्या वेळी आपण मुकुट पाहतो, अलंकार पाहतो; तो उंचावलेला हात पाहण्याचे राहून जाते. भाविकांनी या वेळी तो हात अवश्य पाहावा.

आकांक्षेची परीक्षा

भयाइतकीच प्रबळ दुसरी प्रेरणा म्हणजे आकांक्षा. हल्ली दहावी-बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या काळात कपाळी गंध लावून, पेन देवाच्या पायांना लावून नेणारी मुले मोठ्या संख्येने दिसतात. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या आईवडिलांचे चेहरे मुलांपेक्षाही अधिक चिंताग्रस्त असतात. पुढे जावे, नाव मिळवावे, घराची स्थिती सुधारावी असे वाटणे यात काहीही गैर नाही. आकांक्षा नसती तर शेत नांगरले गेले नसते, विहीर खणली गेली नसती, मंदिराचा कळसही चढला नसता.

तथापि आकांक्षेचे मूळ कोठे आहे, हे पाहिले पाहिजे. भागवतातील ध्रुवाची कथा आपण लहान मुलांना ‘अढळपदाची कथा’ म्हणून सांगतो. उत्तानपाद राजाच्या मांडीवर बसू पाहणाऱ्या त्या बालकाला सावत्र आई सुरुची हिने अपमानित केले. त्या जखमेतून त्याची आकांक्षा जन्मली. इतर कोणालाही मिळाले नसेल असे स्थान मला हवे, या हट्टाने तो वनात गेला, नारदांच्या उपदेशाप्रमाणे त्याने कठोर तप केले आणि भगवंत प्रसन्न झाले. येथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. वर मिळवून परतताना ध्रुव फारसा आनंदी नव्हता, असे भागवत सांगते. साक्षात भगवंत समोर उभे असताना आपण काय मागितले, याची त्याला खंत वाटली. मनातल्या जखमेने मागितले आणि जखमेपुरतेच मिळाले, असे त्या खंतीचे स्वरूप होते. घरी परतल्यावर त्याने सुरुचीलाही नमस्कार केला आणि तिने त्याला प्रेमाने जवळ घेतले. अढळपदाच्या कथेतील हा नमस्कार मला फार मोलाचा वाटतो. जखम भरल्याखेरीज तो शक्य झाला नसता.

आणि तरीही कथा तेथे संपत नाही. पुढे भाऊ उत्तम हा एका यक्षाच्या हातून मारला गेला, तेव्हा राजा झालेल्या ध्रुवाने संतापाने यक्षांचा संहार आरंभिला. आजोबा स्वायंभुव मनू यांना येऊन त्याला थांबवावे लागले. एकाच्या अपराधासाठी अनेक निरपराधांना मारू नकोस, असे त्यांनी समजावले. ज्याला अढळपदाचा वर मिळाला, त्याचेही मन ढळू शकते; स्थान मिळाले म्हणजे स्थैर्य मिळाले असे नव्हे, हाच या कथेचा बोध आहे.

आकांक्षा दुसऱ्याशी केलेल्या तुलनेतून आली असेल, तर ती पुरी होऊनही समाधान देत नाही. कारण तुलनेला नवा माणूस नेहमीच सापडतो. शेजाऱ्याच्या मुलापेक्षा अधिक गुण मिळावेत म्हणून केलेली प्रार्थना आणि मला मनापासून शिकता यावे म्हणून केलेली प्रार्थना, या दोन्हींत पेन तेच असते, देवही तोच असतो. मागणारे मन निराळे असते.

आकांक्षा मोठी करायची म्हणजे काय करायचे, याचे उदाहरण इतिहासात आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, १७६७ मध्ये एकुलता एक पुत्र मालेराव गेला. ज्या भयांसाठी माणसे देवापुढे नवस बोलतात, ती जवळजवळ सर्व भये त्यांच्या वाट्याला प्रत्यक्षात आली. त्यानंतर १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वरहून राज्यकारभार केला. काशी विश्वेश्वराचे मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर, ठिकठिकाणचे घाट, विहिरी आणि धर्मशाळा त्यांनी उभारल्या. यांतील कित्येक स्थाने त्यांच्या राज्याच्या सीमेबाहेर, फार दूर होती. खर्चही त्यांनी मुख्यतः आपल्या खासगीतून केला. ज्यांचे तोंड कधी दिसणार नाही अशा यात्रेकरूंना सावली आणि पाणी मिळावे, ही आकांक्षा लहान कशी म्हणावी? ती एका घरापुरती राहिली नाही, म्हणून ती टिकली.

आनंदाचे मोजमाप

तैत्तिरीय उपनिषदातच आनंदाचे एक विलक्षण मोजमाप दिलेले आहे. तरुण, सुशिक्षित, निरोगी, बलवान असा एक मनुष्य कल्पावा आणि धनधान्याने भरलेली सारी पृथ्वी त्याच्या मालकीची आहे असे समजावे. त्याला होणारा आनंद म्हणजे मानवी आनंदाचे एक माप. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा आनंद, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, असे करीत करीत पितर, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती अशा पायऱ्या चढत ते मोजमाप ब्रह्मानंदापर्यंत जाते. वाचताना वाटते, की आपल्यासारख्यांना यातील पहिली पायरीही गाठणे अशक्य आहे. परंतु या चढत्या पायऱ्यांवर उपनिषद पुन्हा पुन्हा सांगते, की हाच आनंद विद्यावान आणि ‘अकामहत’ अशा माणसालाही मिळतो.

हा ‘अकामहत’ शब्द फार सुंदर आहे. ज्याला काही इच्छाच नाही, एवढाच त्याचा अर्थ घेण्याचे कारण नाही. इच्छेने ज्याला ‘हत’ केलेले नाही, घायाळ केलेले नाही, तो अकामहत. इच्छा असाव्यात, पण त्या पुऱ्या झाल्या नाहीत म्हणून माणूस आतून मोडून पडू नये. असा माणूस इंद्राच्या राज्यात गेला नाही तरी इंद्राच्या आनंदाला मुकत नाही.

हा अनुभव केवळ ग्रंथातला नाही. आषाढी वारीत तो दरवर्षी दिसतो. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पेरणी उरकून, कधी पाऊस अजून पुरता झालेला नसतानाही शेतकरी वारीला निघतो. शेतात पेरलेले बियाणे उगवेल की नाही याची चिंता त्याला नसते असे नाही. अठरा-वीस दिवस ऊन-पाऊस सोसून तो पंढरीत पोहोचतो, तेव्हा गाभाऱ्याकडे जाणारी रांग एवढी लांब असते, की कित्येक वारकरी चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा घालतात, नामदेव पायरीला हात लावतात, कळसाचे दर्शन घेतात आणि तसेच परत फिरतात. ज्या मूर्तीसाठी एवढे चालले ती दिसली नाही, म्हणून ते रडत परतत नाहीत. त्यांचा आनंद शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवलेला नसतो. तो वाटेवर, सोबतच्या माणसांत, टाळाच्या नादात रोज मिळालेला असतो. संत सावता माळी यांनी अरण गावच्या आपल्या मळ्यात राबत असतानाच विठ्ठल पाहिला, असे परंपरा सांगते. त्यांच्या आनंदाला पंढरीचे अंतर आड आले नाही.

याउलट घाईने केलेल्या दर्शनात आनंद कोठे राहतो? आपली पाळी चुकेल, मुहूर्त टळेल, दुसरा पुढे जाईल, या धास्तीने आपण रांगेत एकमेकांना लोटतो. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात वाईजवळील मांढरदेवी येथे यात्रेच्या दिवशी अरुंद वाट, निसरड्या पायऱ्या आणि अफाट गर्दी यांमुळे झालेल्या चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविकांनी प्राण गमावले. त्या दुर्दैवी जीवांना दोष देण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु ती आठवण ठेवून प्रत्येकाने पुढच्या माणसाला दोन पावले जागा द्यावी, वृद्धांना आणि लेकुरवाळ्या स्त्रियांना वाट द्यावी. मुहूर्त टळल्याने देव टळत नाही.

ज्याच्यावर वेळ आली आहे, त्याने काय करावे?

येथे एखादा वाचक म्हणेल, की हे सांगणे सोपे आहे. ज्याचे मूल रुग्णालयात आहे, ज्याच्या डोक्यावर कर्जाचा बोजा आहे, ज्याच्या हातची नोकरी गेली आहे, त्याला अभय आणि आनंद यांच्या गोष्टी सांगून काय उपयोग? हा आक्षेप अगदी रास्त आहे. भुकेल्याला वैराग्याचा उपदेश करणे हा एक प्रकारचा निर्दयपणाच आहे.

याचे उत्तर आपल्या संतांनी उपदेशापेक्षा कृतीने दिले. सतराव्या शतकात १६३०च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. देहूच्या तुकोबांच्या घरी सावकारी आणि व्यापार होता. त्या दुष्काळात व्यापार बुडाला, पत्नी आणि मुलगा गेले. पुढे त्यांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खतपत्रे काढली. धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. त्या कृतीकडे आपण बहुधा तुकोबांच्या वैराग्याची खूण म्हणून पाहतो. जरा ऋणकोच्या बाजूने पाहावे. दुष्काळाने खंगलेल्या कोणा कुणब्याला त्या दिवशी कळले असेल, की आता दारात वसुलीला कोणी येणार नाही. त्या रात्री त्याला जी झोप लागली असेल, ती कोणत्या नवसाने लागली असती?

भय हे एकट्याने झुंजून क्वचितच जाते. ते दुसऱ्या माणसाच्या आधाराने जाते. आपल्या परंपरेत अन्नदान, विद्यादान यांच्या जोडीला अभयदानाचे माहात्म्य सांगितले आहे, ते याचसाठी. अभयदानाला मोठी रक्कम लागतेच असे नाही. रुग्णालयात एकट्या पडलेल्या नातेवाइकाजवळ रात्रभर बसणे, नापास झालेल्या मुलाला ‘तू आमचाच आहेस’ असे घरी सांगणे, अडलेल्या शेजाऱ्याकडे दिलेले पैसे काही काळ न मागणे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपण ओझे झालो आहोत असे वाटू न देणे, हे सर्व अभयदान आहे. म्हणून ज्याच्यावर वेळ आली आहे त्याने निःसंकोचपणे देवाला हाक मारावी. आणि ज्याच्यावर ती आलेली नाही, त्याने त्या हाकेचे उत्तर होण्याची तयारी ठेवावी. चांगले जगणे म्हणजे काय, या प्रश्नाचे मला सुचणारे उत्तर एवढेच आहे: आपल्यामुळे कोणाचे तरी भय कमी व्हावे.

नवस आणि देणगी यांविषयी

आता थोडे व्यवहाराचे बोलले पाहिजे. संस्थानचा कारभार भाविकांच्या देणग्यांवर चालतो आणि त्याबद्दल संस्थान सर्व दात्यांचे ऋणी आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५०च्या कायद्याप्रमाणे न्यासांना जमाखर्चाचे हिशेब ठेवावे लागतात आणि त्यांची तपासणी होते. पैशाचा हिशेब अशा रीतीने होतो. पैसा कोणत्या भावनेने आला, याचा हिशेब कोणत्याही वहीत होत नाही. तो ज्याचा त्यानेच करायचा असतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे म्हणून, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणसाला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. मोबदल्यासाठी किंवा कष्टी मनाने दिलेले ते राजस. अपात्री आणि अनादराने दिलेले ते तामस. या तीन प्रकारांत रकमेचा उल्लेख कोठेही नाही.

म्हणून भाविकांना काही नम्र सूचना कराव्याशा वाटतात. नवस फेडण्यासाठी कर्ज काढू नये. घरातील औषधपाणी, मुलांची शाळेची फी, म्हाताऱ्यांचा खर्च अडवून देवाला काही वाहू नये. पूर्वजांचा नवस राहिला असेल तर त्याचे ओझे बाळगू नये. एक फूल वाहून मनोभावे नमस्कार करावा, तेवढ्याने तो पुरा झाला असे समजावे. नवस फेडण्यासाठी भीती घालून कोणी पैसे मागत असेल, तर तो कोणीही असो, त्याला देऊ नये. संत गाडगेबाबांनी आयुष्यभर गावोगावच्या कीर्तनांतून हेच सांगितले: कर्ज काढून सण-समारंभ करू नका, देवापुढे मुके प्राणी मारू नका, मुलांना शिकवा. ते स्वतः हातात खराटा घेऊन गावे झाडीत आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक अशा ठिकाणी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या सांगण्याची गरज मात्र संपलेली नाही.

अशा सूचनांमुळे देणग्या कमी होतील, अशी शंका एखाद्या हितचिंतकाला येईल. तसे झाले तर होवो. भयापोटी आलेल्या शंभर रुपयांपेक्षा आनंदाने आलेला एक रुपया अन्नछत्रात अधिक गोड लागतो, अशी आमची श्रद्धा आहे. शिवाय भय दाखवून मिळवलेला पैसा घेताना देवाच्या अभयमुद्रेकडे कोणत्या तोंडाने पाहावे, हाही प्रश्न उरतोच.

गाभाऱ्यासमोरचे काही क्षण

गाभाऱ्यासमोर आपल्याला मोजकेच क्षण मिळतात. त्या क्षणांत लांब यादी वाचून दाखवणे शक्य नसते आणि त्याची आवश्यकताही नसते. रांगेत उभे असतानाच मनाशी तीन प्रश्न विचारून ठेवावेत. मला कशाचे भय वाटते, आणि ते मला जागे करते आहे की बांधून ठेवते आहे? मला काय हवे आहे, आणि ते मिळाल्याने आणखी कोणाचे भले होणार आहे काय? आज माझ्याजवळ काय आहे, ज्याबद्दल मी कधी आनंद मानला नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना रांग केव्हा पुढे सरकली हे कळतही नाही.

कठोपनिषदातील नचिकेत यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला. यमाने त्याला तीन वर दिले. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या त्या मुलाने पहिला वर स्वतःसाठी मागितला नाही. माझ्यावर रागावलेल्या माझ्या वडिलांचे मन शांत होवो आणि मी परत गेल्यावर त्यांनी मला प्रेमाने ओळखावे, असे तो म्हणाला. पुढे यमाने धन, राज्य आणि दीर्घ आयुष्य देऊ केले, तेही त्याने नाकारले आणि आत्मज्ञान मागितले. तिसऱ्या वराची उंची आपल्याला गाठता येईल न येईल. पहिला वर मात्र आपल्यापैकी प्रत्येकाला मागता येण्यासारखा आहे. ज्याच्याशी अबोला आहे, ज्याला आपण दुखावले, ज्याला आपली काळजी वाटते, त्याचे मन शांत होवो, एवढे जरी मागितले तरी दर्शन सफल झाले.

श्रींच्या कृपेने सर्व भाविकांची भये शमोत, आकांक्षांना सद्बुद्धीची जोड मिळो आणि येथून परतताना प्रत्येकाच्या मनात प्रसादाबरोबर थोडा निर्भय आनंदही असो, अशी श्रीचरणी प्रार्थना आहे. परतीचा प्रवास सुखाचा होवो.

— सचिव, संस्थान कार्यालय